चीनमधल्या बारावीच्या मुलीला इंग्रजी उतारे कसे शिकवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, विषय जरा आडवाटेचा आहे, सांभाळून घ्या.

नवऱ्याच्या व्यापारामुळे आम्ही झेजियांग प्रांतात, यीवूला राहतो. समोरच्या घरातली मुलगी यंदा गाओकाओला, म्हणजे इथल्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेला बसणार आहे. भारतीय म्हटलं की इंग्रजी येणारच, असा तिच्या आईचा ठाम समज. मी मराठी माध्यमातली, हे सांगून पाहिलं, पण उपयोग शून्य. आता आठवड्यातून तीन संध्याकाळी पोरगी आमच्या जेवणाच्या टेबलावर आणि मागोमाग आईचे गरम च्याओझ् (चिनी मोमो). नाही कसं म्हणणार?

पेपर १५० गुणांचा, वेळ दोन तास. वाचनाला ५० गुण. चार उताऱ्यांवर १५ पर्यायी प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. शिवाय एका उताऱ्यात पाच जागा रिकाम्या आणि खाली सात वाक्यं. त्यातली पाच नेमकी बसवायची. याला मुलं 'सातातून पाच' म्हणतात. पहिला उतारा जाहिरात, वेळापत्रक असला काहीतरी असतो, तिथे तिचं एकही उत्तर चुकत नाही. घसरगुंडी तिसऱ्या-चौथ्या उताऱ्यात, 'यावरून काय अनुमान निघतं?' आलं की.

शब्द तिला माझ्याहून जास्त येतात. प्रत्येक शब्दावर पेन्सिलीनं बारीक चिनी अर्थ लिहिते आणि मग ते अर्थ एकमेकांना जोडत बसते. परवा सरावाला मीच एक उतारा लिहून दिला. त्यात वाक्य होतं, 'विदाउट हर लेटर्स, ही वुड हॅव गिव्हन अप.' हिनं उत्तर निवडलं: त्यानं नाद सोडला! म्हटलं, अगं, सोडला नाही, सोडला *असता*. मला ते वाचताक्षणी कळलं, कारण आपल्याकडे 'असता' आहे. चिनीत क्रियापदाचं रूपच बदलत नाही. समजावून कसं सांगू? अर्धा तास हातवारे केले. (छापील सरावसंचात चारपैकी दोन उत्तरं माझीही चुकली, ते तिला अजून सांगितलेलं नाही.)

झेजियांगमध्ये इंग्रजी दोनदा देता येतं, जानेवारीत आणि जूनमध्ये, आणि दोन्हींपैकी ज्यात जास्त पडतील ते गुण धरतात. जानेवारी तोंडावर आलाय. स्पर्धा परीक्षांचे क्लास घेणारे या मंचावर बरेच आहेत. ही शब्दाशब्दावर लिहायची सवय कशी मोडू? आणि 'सातातून पाच'ला काही युक्ती आहे का?

प्रतिसाद १
ताई, पेन्सिल काढूनच घ्या. मी बँकेच्या परीक्षांना शिकवतो. आधी प्रश्न वाचायला लावा, मग उतारा. उत्तर सांगितलं की एकच विचारायचं, 'कुठल्या ओळीवरून?' बोट ठेवता आलं नाही तर उत्तर रद्द. उताऱ्यातलेच शब्द जसेच्या तसे उचललेला पर्याय दिसला की सावध व्हायचं, बहुतेकदा तोच सापळा असतो. रिकाम्या जागांसाठी आधी सातही वाक्यांतले धिस, दे, हाउएव्हर यांना गोल करा. धिस म्हणजे कोण, ते आदल्या वाक्यात सापडलं तरच ते वाक्य तिथे बसतं.

प्रतिसाद २
मी पुण्यात चिनी शिकवते. 'असता'साठी हातवारे नकोत, चिनीत 'याओबुश्' आहे: 'अमुक नसतं तर'. तिला ते वाक्य चिनीत 'याओबुश्'नं सुरू करून म्हणायला सांगा, लगेच पेटेल.

धागाकर्ती
दोघांचे आभार! काल पेन्सिल लपवली. पहिली दहा मिनिटं पोरगी नुसती रडवेली. 'याओबुश्' म्हटल्यावर मात्र टेबलावर हात आपटून 'आआ!' म्हणाली आणि जुन्या पेपरातली अशी तीन वाक्यं स्वतःच शोधून काढली. चौथं साध्या भूतकाळातलं होतं, तिथेही याओबुश् लावलंन. आज संध्याकाळी त्याच्यावर बसणार आहोत.