थोरांचे ‘कौतुक’ करावे काय?

पेठकर: आमच्या सोसायटीत एका ज्येष्ठ गायिकेचा सत्कार आहे. निमंत्रणात मी ‘ताईंच्या गानसेवेचे कौतुक करण्यासाठी’ असे लिहिले, तेव्हा समितीतील एका आजोबांनी ‘आपण त्यांचे कौतुक करणारे कोण?’ असे म्हणून तो शब्द खोडला. त्यांच्या मते कौतुक दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलांचे करावे आणि थोरांचा गौरव करावा. हा भेद खरा आहे काय?

जुनी ओसरी: अगदी खरा आहे. कोडकौतुक, लाडकौतुक, कौतुकाची थाप हे सारे धाकट्यांच्या वाट्याचे आहे. सुनेने सासूचे कौतुक केले असे आमच्याकडे कोणी म्हटले असते, तर ऐकणाऱ्यांनी त्यात उपरोधच शोधला असता.

मुठाकाठ: संस्कृतात कौतुक म्हणजे कुतूहल किंवा नवल, आणि नवल वाटायला वय आड येत नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजा जिंके’ ही ओवी भाषणांतून मराठीच्या स्तुतीसाठी म्हटली जाते खरी, परंतु ‘कौतुकें’ ही तृतीया आहे. अमृताशी लावलेली पैज हा बोल सहज लीलेने जिंकतो, असा तिचा सरळ अर्थ लागतो.

जुनी ओसरी: तृतीया मान्य, लीला अमान्य. तेथे लाडकेपणाच आहे. शिवाय विवाहात हाती बांधायच्या मंगल दोऱ्यालाही संस्कृतात कौतुक म्हणतात, आणि तो वडीलधारेच बांधतात.

मुठाकाठ: दोऱ्यावरून स्वर्ग गाठलात!

शुद्धमती: गौरवच लिहावे. फक्त ‘दाद’, ‘शाबासकी’ असले फारसी शब्द निमंत्रणात नकोत.

मुठाकाठ: मग सवाई गंधर्वच्या मंडपात समेवर काय द्यायचे? फारसीत दाद म्हणजे न्याय. म्हणूनच आपण न्यायालयात दाद मागतो आणि मैफलीत ती देतो, आणि गाण्याला न्याय देणे याहून मोठी स्तुती मला ठाऊक नाही. वरून खाली जाणारा शब्द हवा असेल, तर तो ‘शाबास’ आहे, कारण मुळातला ‘शाद बाश’ म्हणजे ‘आनंदी राहा’ हा आशीर्वादच झाला.

शुद्धमती: व्युत्पत्ती फारसीच निघाली, म्हणजे माझेच म्हणणे सिद्ध झाले.

पेठकर: निमंत्रण उद्या छपाईला जायचे आहे, तेव्हा कृपया एक शब्द सांगावा.

जुनी ओसरी: सांगते, पण आधी ‘कौतुकें’ हे पद ‘बोलु’कडे जाते की ‘जिंके’कडे, याचे उत्तर मुठाकाठ यांनी द्यावे.