मदत हवी आहे: घरी केटलबेल सुरू करायचंय, १२ किलो घेऊ की १६?

नमस्कार मंडळी,

वय बेचाळीस, दिवसभर खुर्चीत बसून काम. डॉक्टरांनी व्यायामाला हरकत नाही म्हटलंय. जिम लांब पडते, म्हणून एकच केटलबेल (वर मूठ असलेला लोखंडी गोळा) घेऊन घरीच सुरुवात करायची आहे. लहानपणी तालमीत मुद्गल फिरवायचो, त्यामुळे हाताच्या पकडीची काळजी नाही.

अडलंय ते वजनापाशी. रशियात ही वजनं परंपरेने पूडमध्ये मोजतात, एक पूड म्हणजे साधारण १६ किलो, आणि पुरुषांनी तिथूनच सुरुवात करावी असं बरेच जण सांगतात. पण एका हाताने डोक्यावर नेताना मला १६ जड वाटतं, आणि १२ घेतलं तर दोन्ही हातांच्या स्विंगला (गोळा पायांमधून पुढे झुलवण्याला) लवकरच हलकं पडेल. तुम्ही काय केलं असतं?

दुसरं, स्विंगचं. खाली बसायचं नाही, पाठ सरळ ठेवून नितंब मागे ढकलायचे आणि झटक्यात उभं राहायचं, हे समजतं. तरी मित्राच्या केटलबेलवर करून पाहिलं तेव्हा ताण मांडीच्या मागच्या बाजूला न येता कमरेत आला. आधी नुसत्या डेडलिफ्टवर (वजन जमिनीवरून उचलून सरळ उभं राहणं) काही आठवडे काढावेत का? माझ्या मते तेच बरोबर, पण अनुभवी माणसाकडून ऐकायचंय.

क्लीन करताना, म्हणजे वजन खालून खांद्यापाशी आणताना, गोळा मनगटाच्या वर आपटतो, त्यावरही उपाय सांगा. पुण्यात कोथरूड-कर्वेनगर भागात समोर उभं राहून चुका दाखवणारं कुणी शिकवत असेल तर जरूर कळवा. दोन-चार शिकवण्यांचे पैसे आनंदाने देईन.