यादी गेली आणि परत मिळाली (किंवा नाहीच मिळाली) : तुमचे अनुभव लिहा

टिपकागद
काल दिवाळीची साफसफाई काढली होती. बाबांच्या कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या चष्म्यांच्या डब्याखाली त्यांचा टॅब सापडला. चार्जिंगला लावला आणि तासाभराने चालू झाला. कामांच्या यादीचं ॲप उघडलं तर समोर "आईचं" ही यादी. २०१९ च्या जूनमधली, जशीच्या तशी. मी तिथेच खाली बसले.

आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असायचं. मी नाशिकला, दादा पुण्याला, आई-बाबा साताऱ्यात. म्हणून आम्ही चौघांनी मिळून एकच यादी ठेवली होती. गोळ्या, रिपोर्ट, रिक्षावाल्या काकांचे पैसे, सगळं त्यात. जूनमध्ये दादाने फोन बदलला. नव्या फोनवर "आईचं" दोनदा दिसायला लागली, म्हणून त्याने एक काढून टाकली. ती खरी होती. दहा मिनिटांत माझ्या फोनवरून गेली, वहिनीच्या फोनवरून गेली. त्या ॲपला कचरापेटी नव्हती. कंपनीला मेल केला, चार दिवसांनी "काढलेली यादी परत आणता येत नाही" एवढं एका ओळीचं उत्तर आलं. दादा फोनवर रडला. मी त्याला एवढं रडताना कधी ऐकलं नव्हतं.

मग आठवलं, बाबा बॅटरी वाचावी म्हणून टॅबचं वायफाय बंद करून ठेवतात! त्यांना फोन करून ओरडलेच, "बाबा, टॅबला हात लावू नका, वायफाय लावू नका." दुसऱ्या दिवशी साताऱ्याला गेले आणि टॅबवर बघून दोनशेपानी वहीत गोळ्या आणि तारखा उतरवून घेतल्या. तेवढंच लागणार होतं तेव्हा. प्रत्येक कामाखालचे शेरे उतरवायला वेळच नव्हता.

आई २०२१ मध्ये गेली. काल ते शेरे वाचले. "वजन जाताना ५२.४, आल्यावर ५०.१." "डाव्या हाताला बीपी लावू द्यायचं नाही, फिस्टुला आहे, नवीन मुलीला सांगणे." (फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी हातात शस्त्रक्रिया करून जोडलेली शीर.) आणि आईने स्वतः एका बोटाने टाइप केलेला, "आज नर्सने सुई एकदाच टोचली. तिला लाडू द्यायचा."

कुणाचं असं काही गेलंय का, परत मिळालंय का? लिहा.

साखरवेल
काय लिहू गं. लाडवाचं वाचून डोळे भरून आले. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

मुठेकाठी
ताई, आधी कामाचं. टॅबचं वायफाय अजून बंदच आहे ना? विमान मोड लावा. ॲप अपडेट करू नका, लॉगआऊट तर अजिबात नको, बहुतेक ॲपं लॉगआऊट केलं की फोनमधली प्रत पुसतात. एकेका शेऱ्याचा स्क्रीनशॉट काढा आणि वायरने कॉम्प्युटरवर घ्या.

मी सतरा वर्षं हेच काम करतोय. सिंक म्हणजे बॅकअप हा समज काही केल्या जात नाही. सिंकचं काम एवढंच की एका ठिकाणी झालेलं सगळीकडे व्हावं. तुम्ही पुसलंत की तेही इमानाने सगळीकडे पुसतं. म्हणून काही गेलं असं कळलं की आधी घरातल्या बाकीच्या फोनांचं नेट बंद करा. एखादा फोन बंद पडलेला असतो, एखादा बिना रेंजचा गावी असतो. त्याच्यात जुनी प्रत असते.

दगडफूल
+१ मुठेकाठी. माझं काम असंच वाचलं, नवरा कोकणात होता आणि घाटात रेंज नव्हती 🙏

बोरू
आमच्या वेळची गोष्ट. २००४, एका सरकारी कार्यालयात होतो. साहेबांची सगळी कामं आउटलुकमध्ये, मेलसकट एकाच पीएसटी फाइलीत. त्या वेळच्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती, हे कुणालाच ठाऊक नाही. फाइल तिथवर फुगली आणि एके सकाळी उघडेचना. अधिवेशनाच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची यादी त्यात. साहेब खुर्चीत बसून नुसते कपाळ चोळत होते.

आउटलुकबरोबरच स्कॅनपीएसटी नावाचं दुरुस्तीचं साधन येतं, ते चालवलं. चालवण्याआधी मूळ फाइलीची प्रत काढून ठेवली, हे मी आजही सगळ्यांना सांगतो, कारण दुरुस्ती त्याच फाइलीवर होते आणि बिघडली की मागे फिरायची वाट नाही. पाच तास चाललं. बरंच काही 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या फोल्डरात गोळा झालं, फोल्डरांची रचना मोडलेली. मी आणि आमच्या कारकून बाई रात्री साडेदहापर्यंत एकेक उघडून तारखेप्रमाणे लावत बसलो. बाईंनी घरून पिठलं-भाकरी मागवली होती. दोन-चार सोडली तर सगळी उत्तरं वेळेत गेली.

साखरवेल
आले. माझं सांगते. मुलाचं दहावीचं वर्ष. त्याने स्वतःच्या हौसेने अभ्यासाचं वेळापत्रक एका ॲपमध्ये केलेलं, धडे, उजळणी, चुकलेली गणितं, सगळं. फोन भरला म्हणून मी जागा करायला बसले. 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर डेटा' ही दोन बटणं शेजारी शेजारी. मी डेटा दाबलं. ॲपला खातंच नव्हतं, सगळं फोनमध्येच. गेलं.

नाही मिळालं परत. दुकानदाराने दोन हजार मागितले आणि दोन दिवसांनी "होत नाही" म्हणाला. पण मुलगा रोज रात्री यादीचा स्क्रीनशॉट क्लासच्या बाईंना पाठवायचा. बाईंनी सगळे जपून ठेवलेले! नव्वदेक चित्रं होती. दोघांनी बसून त्यावरून परत मांडलं, मी वाचायचे, तो लिहायचा. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

पाचूबेट
@साखरवेल, कुठले क्लास? भाचीसाठी विचारतेय, पुढच्या वर्षी दहावी.

साखरवेल
बेळगावात आहेत गं बाई. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

मुठेकाठी
दुकानदाराबद्दल थोडं. हल्लीच्या फोनमधली साठवण एन्क्रिप्ट केलेली (किल्लीशिवाय वाचता न येणारी) असते, ॲपचा डेटा पुसला की सॉफ्टवेअर लावून तो उकरून काढणं जवळपास अशक्य. लॅपटॉपच्या एसएसडीतही (चिपवाली नवी डिस्क) ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा आपोआप साफ करायची सोय, चालू असेल तर पुसलेली जागा थोड्याच वेळात खरोखरच रिकामी होते. जुन्या हार्डडिस्कमध्ये मात्र आशा असते, अट एकच, त्यावर नवीन काही लिहू नका. मी लोकांना मशीन बंद करून आणा म्हणतो, ते आधी रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर डाउनलोड करून येतात. जीव तुटतो.

कृष्णाकाठ
आमच्याकडे ॲप नव्हतं. स्वयंपाकघरातलं कालनिर्णय होतं. दुधाचा हिशेब, सिलिंडरची तारीख, कामवाल्या मावशींचे खाडे, कुणाला किती उसने दिले, सगळं त्याच्या चौकटीत. ऑगस्ट २०१९, सांगलीचा पूर. घरात छातीपर्यंत पाणी. आठ दिवसांनी परत आलो तर भिंतीवर कॅलेंडर तसंच, चिखलाने जड झालेलं.

सासूबाईंनी ते टाकू दिलं नाही. एकेक पान सुटं करून, दोन्हीकडून वर्तमानपत्र लावून गच्चीत वाळवलं, मग हलकी इस्त्री फिरवली. बॉलपेनने लिहिलेलं बहुतेक सगळं वाचता आलं. जेल पेनचं मात्र निळ्या ढगासारखं पसरलेलं. उसनवारी बॉलपेनची होती, म्हणून मावशींचे तीन हजार देणं आहे हे कळलं. त्यांचंही घर पाण्यात गेलं होतं. त्याच संध्याकाळी नेऊन दिले.

दगडफूल
कृष्णाकाठ 🙏🙏 तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा.

टिपकागद
खरंच. सगळ्यांचे मनापासून आभार. मुठेकाठी, विमान मोड लावला, स्क्रीनशॉट सुरू केलेत. वायर शोधतेय, जुन्या पिनची आहे.

अबोलीचीवेणी
मी दुबईत असते. लग्नाच्या कामांची यादी मराठीतच ठेवली होती, रुखवत, देवक, मानपान. ॲप बंद होणार म्हणून सीएसव्ही (साध्या मजकुरातल्या तक्त्याची फाइल) काढून ठेवली. भावाने एक्सेलमध्ये उघडली तर नुसती टोपीवाली इंग्रजी अक्षरं, एक शब्द वाचता येईना. आई म्हणाली फाइल सडली. ती अजून आहे माझ्याकडे, काही होईल का?

मुठेकाठी
होईल, फाइल धडधाकट आहे! मराठी अक्षरं यूटीएफ-८ या युनिकोडच्या पद्धतीने साठवलीत, एक्सेल त्याला दुसरंच काही समजतंय. डबलक्लिक करून उघडू नका. कोरं पान उघडा, 'डेटा'मधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही', तिथे फाइल ओरिजिनला '६५००१ : युनिकोड (यूटीएफ-८)' निवडा. आणि भावाने ती तशीच सेव्ह केली नाही ना? केली असेल तर मेलमधली मूळ प्रत घ्या.

अबोलीचीवेणी
आलं!!!! सगळं आलं. "मामांना फेटा, गुलाबी नको" हेपण आलं 😭 मामा गेल्या वर्षी गेले.

बोरू
युनिकोडच्या आधीच्या फायली असतील तर हा उपाय चालायचा नाही बरं का. त्या वेळी प्रत्येक फाँटची अक्षरमांडणी वेगळी. फाइल मिळते, पण तो फाँट नसला तर वाचता येत नाही. कन्व्हर्टर लावावा लागतो, आणि नंतर जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात. माझ्याकडे १९९८ च्या दोन फ्लॉप्या अशाच पडून आहेत.

पाचूबेट
फ्लॉपीवरून आठवलं, कुणाकडे चालू फ्लॉपी ड्राइव्ह आहे का? ठाणे-डोंबिवली.

हिरवाचाफा
मी वंडरलिस्ट हे याद्यांचं ॲप वापरायचे. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतलं आणि ६ मे २०२० ला बंद. ऐन लॉकडाउन! त्या आठवड्यात घरात चार माणसं, एक लॅपटॉप आणि भाजीची रांग. बहिणीने आठवण केली म्हणून शेवटच्या दिवसांत मायक्रोसॉफ्टच्याच 'टू डू' ॲपमध्ये आणून घेतलं. आईच्या लोणच्यांचं प्रमाण 'एप्रिलची कामं' या यादीत होतं. एक किलो कैरीला मीठ किती हे दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

साखरवेल
किती घेता तुम्ही मीठ? आम्ही पावशेर.

हिरवाचाफा
२०० ग्रॅम, पण जाडं मीठ, आणि आधी भाजून घ्यायचं. कैरीला मीठ-हळद लावून रात्रभर ठेवायचं.

टाकसाळ
ऑफिसातल्या ट्रेलोबद्दल (कामांची कार्डं लावायचा ऑनलाइन बोर्ड), कुणाला उपयोग झाला तर. कार्ड दिसेनासं झालं की बहुतेकदा ते नुसतं 'अर्काइव्ह' झालेलं असतं, बोर्डाच्या मेनूत 'अर्काइव्ह्ड आयटम्स' बघा, तिथून परत पाठवता येतं. पण एकदा 'डिलीट' केलं की कायमचं. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हे समोर बसवून दाखवते. आमच्याकडे एका मुलाने बोर्ड आवरताना चाळीस कार्डं गमावली. घाबरून त्याने दोन दिवस सांगितलंच नाही, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. कार्डावरच्या चर्चेचे मेल सगळ्यांना जात होते, त्या मेलांवरून आठवड्याभरात पुन्हा उभं केलं.

मुठेकाठी
त्या मुलाला सांगा, मोठमोठ्यांचं झालंय. ३१ जानेवारी २०१७, गिटलॅब, म्हणजे प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी कंपनी. रात्री उशिरा एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. ज्यांच्यावर भिस्त होती ते बॅकअपचे मार्ग एकामागून एक कुचकामी निघाले. वाचवलं कशाने, तर त्याच इंजिनिअरने सहाएक तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेल्या एका प्रतीने. मधल्या तासांतल्या नोंदी आणि प्रतिक्रिया गेल्या, बाकी परत आलं. त्यांनी काहीच लपवलं नाही, दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली. मी तेव्हा रात्रभर बघत होतो. टिपकागद ताईंच्या बाबांचा टॅब वाचला आणि तीच प्रत आठवली.

टाकसाळ
हे त्याला वाचून दाखवते. थँक्यू.

कृष्णाकाठ
टिपकागद, एक विचारू? टॅब सहा-सात वर्षं जुना आहे, बॅटरी फुगलेली नाही ना? आमच्या भाच्याच्या फोनची काच त्यानेच वर आली होती. रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका.

टिपकागद
बघितलं. उजव्या कोपऱ्यात पडदा किंचित उचललाय, नख जातंय. चार्जर काढून ठेवला. ३१ टक्के आहे.

वायर मिळाली नाही, म्हणून माझ्या फोनने पडद्याचेच फोटो काढतेय. दादा व्हिडिओ कॉलवर आहे. मी एकेक शेरा मोठ्याने वाचते आणि तो तिकडे लिहून घेतो. मध्येच थांबवतो, "हे परत वाच." लाडूवाला तीनदा वाचून घेतला. ती नर्स अजून तिथेच आहे का, विचारत होता.

६१ झाले, अजून बाराएक राहिलेत. २४ टक्के. नंतर येते.