घाटाच्या फेऱ्यांची डिझेल सरासरी चालकाच्या नावावर लावू नये

(बस चालवण्यावरची एक चर्चा. प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

घाटवाट

बसचालकाचं काम डिझेलवर जोखायची पद्धत सगळीकडे आहे. एसटीत केपीटीएल म्हणतात, म्हणजे दहा लिटरमध्ये किती किलोमीटर. खासगीत सरळ ॲव्हरेज. सपाटीला ते चालेल. पण आंबा, कुंभार्ली, वरंधा, आंबेनळी अशा घाटांतल्या फेऱ्यांचा आकडा चालकाच्या नावापुढे लिहिणं बंद झालं पाहिजे.

कारण आकड्याच्या दबावाखाली माणूस उतारावर गाडी न्यूट्रल करतो. इंजिनाची ओढ सुटली की सगळा भार लायनरवर, म्हणजे ब्रेकच्या ड्रमला आतून घासणाऱ्या अस्तरावर. हिशेब करा: भरलेली गाडी १५ टनांची, खंडाळ्याहून खोपोलीपर्यंतचा उतार सुमारे ५०० मीटरचा. तेवढं वजन तेवढं खाली आणताना साधारण दोन लिटर डिझेल जाळल्याइतकी उष्णता निघते. गिअरमध्ये असाल तर त्यातला मोठा वाटा इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून ओढ वाढवणारा) झेलतात. न्यूट्रलमध्ये जवळपास सगळी ड्रममध्ये जाते. ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो, हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या दांड्याला, पुशरॉडला, जास्त लांब सरकावं लागतं. लायनरची पकडही तापून कमी होते. पेडल दाबलंय, हवा आहे, पण गाडी थांबत नाही.

कार्यशाळा

घाटवाट, धोक्याबद्दल तुमचा शब्द न् शब्द खरा. उपाय मात्र चुकीचा.

न्यूट्रलने घाटात डिझेल वाचतच नाही. गाडी गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडलेला, चाकं इंजिनाला फिरवतायत, अशा वेळी पंप डिझेल तोडतो. जुन्या पंपात हे काम गव्हर्नर करायचा, आता बीएस-६ गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, करतो. खप शून्य. न्यूट्रल केलं की इंजिन बंद पडू नये म्हणून आयडलिंगचं डिझेल जळत राहतं. तीव्र उतारावर न्यूट्रल करणारा जास्त जाळतो! फायदा होतो तो एक-दोन टक्क्यांच्या लांब, हलक्या उतारावर. तिथली सवय घाटात येते. म्हणजे शिकवण कमी पडते आहे, मोजमाप नाही.

आणि मोजमाप काढलंत तर गाडीचा आजार कळणार कसा? ४५ केपीटीएलवर चालणारी गाडी त्याच मार्गावर ४१ वर आली तर आधी ब्रेक बघायचे. फेरीनंतर चाकाच्या मध्याजवळ, हबपाशी तळहात न्यायचा, ड्रमला लावायचा नाही. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर तिथला ब्रेक सुटत नाही. मग टायरची हवा, एअर फिल्टर, क्लच. यातलं निम्मं तरी फक्त सरासरीमुळे लक्षात येतं.

घाटवाट

मग सरासरी गाडीच्या नंबरावर लावा. माझा विरोध चालकाच्या नावाला आहे. एकाच चालकाला सोमवारी नवी गाडी, मंगळवारी झिजलेल्या इंजेक्टरांची जुनी. शनिवारी उभे प्रवासी धरून ७०, बुधवारी १५. यातून माणसाचं कौशल्य कसं मोजणार?

तिसरा गिअर

न्यूट्रलवरून वाद चाललाय म्हणून. ‘ज्या गिअरला चढतो त्याच गिअरला उतरायचं’ हे अजूनही शिकवतात. आजच्या गाड्यांना ते पुरत नाही, कृपा करून सोडा. नवं इंजिन ताकदवान, चौथ्यात घाट चढतं. चौथ्यात उतरलात तर ओढ अपुरी पडते आणि पाय सतत ब्रेकवर. एक गिअर खाली घ्या, आणि तो घाट सुरू व्हायच्या आधी. वेग चढल्यावर गिअर खाली पडत नाही. त्या धडपडीत गाडी न्यूट्रलमध्येच अडकते, आणि हीच सगळ्यात वाईट अवस्था. एक्झॉस्ट ब्रेकही इंजिन जास्त फेऱ्यांवर असलं तरच नीट ओढतो. टॉप गिअरमध्ये लावून उपयोग नाही.

कोकणपट्टी

सरसकट एक गिअर खाली नको. पावसाळ्यात आंबोलीसारख्या ठिकाणी, रिकामी गाडी, शेवाळलेलं वळण: एक्झॉस्ट ब्रेकची ओढ फक्त मागच्या चाकांवर असते, ती सरकतात. ओल्या वळणात तो बंद ठेवून वळणाआधीच वेग कमी करावा.

ब्रेकचंही सांगतो. हलका पाय ठेवून घासत राहायचं नाही. गाडी ताशी ३५ वर गेली की ब्रेक ठाम दाबून २७ पर्यंत आणायची, मग ब्रेक पूर्ण सोडायचा. लायनरला मध्ये निवायला वेळ मिळतो. पण टकटक पंप मारायचे नाहीत, प्रत्येक दाबात टाकीतली हवा जाते. हवेचा दाब आठ किलोवरून साडेचारवर आला की बझर वाजतो. आयडलिंगवर कॉम्प्रेसर ती भरायला फार वेळ घेतो. न्यूट्रलविरुद्धचं हे दुसरं कारण.

वेळापत्रक

तुम्ही सगळे डिझेलवर भांडताय. चालक घाटात घाई करतो ती धावेच्या वेळेमुळे. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, २०१७ च्या वाहनचालन विनियमांतही आहे. वरंध्यासारख्या अरुंद घाटात ते पाळायचं तर उतरणारी बस वारंवार थांबणार. तेवढी मिनिटं फेरीच्या वेळेत धरलेली हवीत. नाही धरली तर ती चालकाच्या विश्रांतीतून जातात. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात (२०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने तो रद्द झाला) सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती होती, उशिरा पोचलेल्या गाडीवर विश्रांतीच पहिली कापली जाते.

कार्यशाळा

वेळापत्रक यांचा मुद्दा मान्य. चालकाच्या नावाबद्दल मात्र मी हटणार नाही. एकच गाडी, एकच मार्ग, दोन चालक, महिनाभर. तरीही फरक राहिला तर तो पायाचा आहे. ब्रेकवर घालवलेला वेग परत ॲक्सिलरेटरने कमावणारा चालक डिझेलही जास्त जाळतो आणि लायनरही लवकर संपवतो. अशाला बोलवून, शेजारी अनुभवी चालक बसवून दोन फेऱ्या करून घ्याव्यात. पगाराला हात लावू नये.

घाटवाट

पगाराला हात नाही आणि फळ्यावर यादी नाही, एवढं लेखी असेल तर नावावर नोंद ठेवायला माझी हरकत नाही. पण लायनर बदलायची तारीखही त्याच नोंदीत, त्याच रकान्याशेजारी हवी. सरासरी उत्तम आणि लायनर मात्र निम्म्या किलोमीटरमध्ये संपलं, तर तो चालक उतारावर काय करतोय ते तिथेच दिसेल.