यासिकेविचुस: खेळाडू मोठा की कोच?

जुनी जर्सी
मे २०२५ मध्ये अबुधाबीत शारुनास यासिकेविचुस कोच असलेल्या फेनरबाचेने मोनॅकोला ८१-७० हरवून युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली, तेव्हापासून आमच्या बास्केटबॉलवाल्या मित्रांत एकच वाद चालू आहे. यासिकेविचुस, म्हणजे सगळ्यांचा शारास, खेळाडू म्हणून मोठा की कोच म्हणून? माझं मत आधीच सांगतो: कोच म्हणून.

ज्यांनी त्याचा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९७६, गाव लिथुआनियातलं कौनास, जागा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणारा. खेळाडू म्हणून चार युरोलीग: बार्सिलोनाकडून २००३, मकाबी तेल अवीवकडून २००४ आणि २००५, पनाथिनाइकोसकडून २००९. म्हणजे तीन वेगवेगळ्या क्लबांकडून. २००३ मध्ये लिथुआनियाने तब्बल ६४ वर्षांनी युरोपचं अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू हाच.

मग कोच म्हणून मोठा कसा? त्याच्या खेळाचा जीव त्याच्या नजरेत होता. पास कुठे द्यायचा हे त्याला इतरांच्या आधी दिसायचं. अशी नजर असलेले खेळाडू बहुतेक वेळा चांगले कोच होत नाहीत, कारण जे आपल्याला आपोआप दिसतं ते दुसऱ्याला शिकवायचं कसं, हे त्यांना उमगत नाही. याला ते उमगलं. २०१४ मध्ये खेळणं थांबवलं आणि लगेच आपल्या गावच्या जाल्गिरिस कौनास क्लबमध्ये सहायक म्हणून बेंचवर बसला. जानेवारी २०१६ मध्ये मुख्य कोच झाला. २०१८ मध्ये हाच संघ १९९९ नंतर पहिल्यांदा फायनल फोरला, म्हणजे युरोलीगच्या शेवटच्या चार संघांत, पोचला, तोही ऑलिंपियाकोसला ३-१ ने घरी पाठवून.

ते सामने परत पाहा. बॉल कुणाच्या हातात टिकतच नाही. पॉइंट गार्ड पांगोस स्क्रीनवरून, म्हणजे साथीदाराने अंगाने केलेल्या आडोशावरून, सुटतो, सेंटर रिंगकडे धावतो, मदतीला आलेला डिफेंडर एक पाऊल आत टाकतो न टाकतो तोच बॉल कोपऱ्यात उभ्या नेमबाज मिलाकनिसच्या हातात. एका माणसाची नजर पाच जणांना मिळाली होती. मला हे चार युरोलीगपेक्षा मोठं वाटतं.

तिसरा क्वार्टर
साफ अमान्य. तुम्ही खेळाडू शारासला एका परिच्छेदात गुंडाळलंत, म्हणून तुमचा निकाल तसा लागला.

सिडनी, २०००. ऑलिंपिकची उपांत्य फेरी. समोर अमेरिका, सगळे एनबीएवाले. लिथुआनिया ८३-८५ मागे. शेवटचा बॉल शारासच्या हातात, थ्री पॉइंटर गेला असता तर जगातला सगळ्यात मोठा धक्का. नाही गेला. चोवीस वर्षांचा पोरगा, आणि त्याच्या एका शॉटवर सगळा देश डोळे लावून बसलेला. चार वर्षांनी अथेन्समध्ये, गटातल्या सामन्यात, समोर पुन्हा अमेरिका. ड्वेन वेड, आयव्हर्सन, डंकन. शारासने २८ गुण टाकले. शेवटच्या मिनिटांत त्याचे थ्री एकामागून एक जात होते आणि लिथुआनिया ९४-९० ने जिंकलं. सिडनीचा शॉट हुकल्यावर अथेन्समध्ये तोच शॉट पुन्हा घ्यायला जो हात उचलतो, तो खेळाडू. बेंचवरून हे करता येत नाही. कोच पाटीवर चौकट-फुली काढतो, शॉट दुसऱ्याला मारावा लागतो.

आणि कोच म्हणून काय? जाल्गिरिसनंतर तो बार्सिलोनाचा कोच झाला. तिथे मिरोतिचसारखा मोठा खेळाडू होता, पैसा होता. तीन वर्षं, तीन फायनल फोर, युरोलीग शून्य. २०२१ ला कोलोनमध्ये अंतिम सामना इस्तंबूलच्या एफेस क्लबने ८६-८१ नेला. पुढची दोन वर्षं उपांत्य फेरीत रेआल माद्रिदने संपवलं, २०२३ ला तर खुद्द कौनासमध्ये. स्वतःच्या गावात, स्वतःच्या लोकांसमोर. त्याच्यासाठी मला आजही वाईट वाटतं, पण हिशेब तो हिशेब.

जुनी जर्सी
@तिसरा क्वार्टर, सिडनीचं तुमचं म्हणणं मनाला भिडलं. पण कोलोनचा हिशेब अर्धाच मांडलात. त्या रात्री बार्सिलोनाला ज्याने एकट्याने २५ गुण टाकून बुडवलं तो वासिलिये मित्सिच २०१८ च्या जाल्गिरिसमध्ये होता. शारासच्याच हाताखाली. तिथून एफेसला गेला आणि २०२१, २०२२ अशी दोन्ही वर्षं फायनल फोरचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आपणच तयार केलेल्या पोराकडून हरणं ही हार खरी, पण ती कोचच्या खात्यात नुसती वजा म्हणून कशी लिहायची?

शिट्टी आणि दोरी
मी शाळेतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवते, चौदा वर्षांखालच्या. तुमचा वाद वाचला, पण माझा प्रश्न वेगळा आहे.

शारासच्या टाइमआउटचे व्हिडिओ आमच्याकडचे तरुण कोच एकमेकांना पाठवतात. लाल झालेला चेहरा, खेळाडूच्या तोंडापाशी जाऊन ओरडणं. मग आमच्या जिल्हा स्पर्धेत एखादा कोच तेरा वर्षांच्या मुलीवर तसाच ओरडतो. मागच्या हंगामात एका संघातली मुलगी टाइमआउट संपल्यावर मैदानात परत गेलीच नाही. पाण्याची बाटली दोन्ही हातांनी घट्ट धरून बेंचवर बसून राहिली. मी समोरच्या संघाची, तरी उठून तिच्याजवळ गेले. जिंकणाऱ्याची नक्कल होते, म्हणून मोठा कोच कोण हे ठरवताना हेही मोजायला हवं. सर्बियन कोच ओब्रादोविचच्या हाताखाली शारास पनाथिनाइकोसला खेळला, तिथली ही सवय असेल. सवय वाईटच.

जुनी जर्सी
ताई, त्या मुलीचं वाचून गलबललं. तिच्या कोचचं मी समर्थन करणार नाही. पण शारासचा आणखी एक व्हिडिओ आहे, तोही त्या तरुण कोचना पाठवा. २०१७, लिथुआनियाच्या लीगची उपांत्य फेरी चालू असताना त्याचा सेंटर ऑगुस्तो लिमा बाळाच्या जन्मासाठी संघ सोडून गेला. पत्रकाराने विचारलं, असं जाणं योग्य आहे का? शारासने उलट त्यालाच विचारलं, तुम्हाला मुलं आहेत का? मग शांतपणे सांगितलं की आयुष्यात याहून मोठं काही नसतं, तुम्हाला मूल झालं की कळेल. आवाज जरासुद्धा चढला नाही. ओरडणारा आणि हे बोलणारा माणूस एकच आहे.

शिट्टी आणि दोरी
तो मी पाहिलाय आणि मला तो आवडतो. पण लिमा मोठा माणूस होता, पगारी खेळाडू. त्याच्यावर ओरडलं तर तो ओरडू शकतो, नाही तर संघ बदलू शकतो. माझ्या मुलींना दोन्ही जमत नाही. तेव्हा मत बदललेलं नाही, माझ्यासाठी खेळाडूच मोठा.

कोपऱ्यातला नेमबाज
दोन्हीकडून एक गोष्ट राहून गेली. २००३ च्या बार्सिलोनाचा कोच होता पेशिच. तो १९७९ मध्ये बोस्ना सारायेवोकडून खेळाडू म्हणून युरोपचा चॅम्पियन झाला होता आणि २००३ ला कोच म्हणून झाला. तेव्हा त्याचा पॉइंट गार्ड शारास होता. बावीस वर्षांनी शारासही त्याच रांगेत जाऊन बसला. त्यामुळे या दोन शारासांत मला भिंत दिसत नाही. २०१८ च्या जाल्गिरिसमध्ये पास देणारे हात पांगोसचे होते, पण कोपऱ्यात कोण मोकळा आहे ते आधी बेंचवरच दिसलेलं होतं.

तिसरा क्वार्टर
पेशिचचा मुद्दा मान्य. सिडनीबद्दल मात्र मी हटणार नाही. आज रात्री अथेन्सचा सामना पुन्हा लावतोय, जर्सीभाऊ, तुम्हीही चौथा क्वार्टर पाहा आणि मग बोला.