गाउअरला (वेल्स) समुद्र दिसणाऱ्या साइटवर कॅराव्हॅन: पिच, वारा, वीज, पाणी

रेडिंगकर:
ऑगस्टच्या शेवटी, बँक हॉलिडे (ब्रिटनची सार्वजनिक सुट्टी) टाळून, गाउअरच्या दक्षिण किनाऱ्यावर पाच रात्री राहायचा विचार आहे. टूरिंग कॅराव्हॅन भाड्याने मिळतेय, एमटीपीएलएम (सामानासकट कमाल वजन) 1,300 किलो. आमच्या गाडीचं कर्ब वेट (रिकाम्या गाडीचं वजन) 1,600 किलो, टोबारची (गाडीमागच्या ओढायच्या दांड्याची) नोजवेट मर्यादा, म्हणजे कॅराव्हॅनच्या नाकाचा जेवढा भार त्यावर चालतो ती, 80 किलो. इथलं (ब्रिटनचं) लायसन्स 2019 चं, फक्त बी कॅटेगरी (साधी मोटार). सोबत बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि आई. प्रश्न असे:

एवढ्या लायसन्सवर ओढता येईल ना? समुद्र दिसणाऱ्या पिचला (कॅराव्हॅन लावायच्या जागेला) रोजचे जास्त पैसे मागतायत, ते द्यावेत का? हुकअप (साइटची वीजजोडणी) 10 अँपिअरचं आहे, त्यावर इंडक्शन, राइस कुकर, मिक्सर चालेल का? आणि संडासाच्या कॅसेटचं (खालच्या काढता येणाऱ्या टाकीचं) गणित काय असतं? आईला रात्री लांब चालवत नाही.

टोबार_मास्तर:
लायसन्सची काळजी नको. 16 डिसेंबर 2021 पासून इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंडमध्ये साध्या बी लायसन्सवर 3,500 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी परीक्षा लागत नाही. (भारतीय लायसन्सवर इथे आल्यापासून वर्षभरच गाडी चालवता येते, पुढे इथली परीक्षा द्यावीच लागते. हे दुसऱ्या वाचकांसाठी.)

वजन: 1,300 भागिले 1,600 म्हणजे 81 टक्के. नवख्याने 85 टक्क्यांच्या आत राहावं असं सांगतात, तुम्ही आत आहात. तरी गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली ओढायची कमाल मर्यादा पाहून घ्या, ती वेगळी गोष्ट आहे. नोजवेट व्हॅनच्या (कॅराव्हॅनच्या) भरलेल्या वजनाच्या 5 ते 7 टक्के हवं, म्हणजे 65 ते 91. तुमचा टोबार 80 लाच थांबतो, तेव्हा 70-75 वर ठेवा. नोजवेट गेज पंधरा-वीस पौंडांत मिळतं. तांदळाची पिशवी, पाण्याच्या बाटल्या, ऑनिंगची (व्हॅनला जोडायच्या तंबूची) बॅग, जे काही जड ते एक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) वर, जमिनीलगत. मागच्या टोकाला जड सामान रचलं की व्हॅन शेपटी हलवायला लागते. तशी हललीच तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग सरळ धरा. जोरात ब्रेक मारू नका आणि स्टीअरिंगने "सावरायला" जाऊ नका.

वेग: सिंगल कॅरेजवेवर 50 मैल, ड्युअल आणि मोटरवेवर 60. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर अगदी उजवी लेन बंद. वेल्समध्ये 17 सप्टेंबर 2023 पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर 20 ची मर्यादा आहे, स्वॉन्झी शहर सोडल्यावर गावागावांत ती लागते. व्हॅन गाडीपेक्षा रुंद असेल तर टोइंगचे जादा आरसे लावणं कायद्याने बंधनकारक. व्हॅन ओढताना आत कुणीही बसायचं नाही, आईंना "जरा आडवं व्हायचंय" असं वाटलं तरीही नाही.

हिचवर (व्हॅन गाडीला अडकवायच्या जोडावर) डोलणं रोखणारा स्टॅबिलायझर असेल (भाड्याच्या व्हॅनवर बहुधा अल्को कंपनीचा असतो) तर टोबॉलला (टोबारच्या गोळ्याला) ग्रीस लावायचं नाही. त्याच्या घर्षण पॅडना कोरडा, स्वच्छ गोळा लागतो. ग्रीस असेल तर पॅड खराब होतात आणि स्टॅबिलायझरचा उपयोग राहत नाही. ब्रेकअवे केबल (व्हॅन सुटली तर तिचा ब्रेक लावणारी तार) टोबारवर नेमून दिलेल्या जागी अडकवा, नुसती गोळ्याभोवती गुंडाळू नका. शेवटी दिव्यांचा 13 पिनांचा प्लग लावून एकाने मागे उभं राहून दिवे तपासा.

एम4 मोटरवेवरचा प्रिन्स ऑफ वेल्स पूल डिसेंबर 2018 पासून टोलमुक्त आहे आणि त्याला वारा अडवणाऱ्या जाळ्या आहेत. जोराचा वारा असेल त्या दिवशी शेजारच्या जुन्या एम48 पुलाकडे वळू नका, उंच वाहनांना तो आधी बंद होतो.

कड्यावरचा_भिडू:
पिचच्या पैशांबद्दल. पेनमेन, पोर्ट आयनन, रोसिली हा सगळा पट्टा उघडा. जिथून समुद्र दिसतो तिथे वारा अडवायला काही नसतं, आणि वारा बहुतेक वेळा नैऋत्येचा. म्हणून बुकिंगच्या आधी साइटला फोन करून तीन गोष्टी विचारा: व्हॅनचं तोंड कुठल्या दिशेला ठेवू देतात, पिच गवताची की हार्डस्टँडिंग (खडी घालून टणक केलेली), उतार किती.

तोंडाचं महत्त्व असं. कॅराव्हॅनची सगळ्यात मोठी खिडकी पुढे, हिचच्या बाजूला असते. बऱ्याच साइटवर, विशेषतः कॅराव्हॅन क्लबांच्या, व्हॅनचा मागचा कोपरा पांढऱ्या खुंटीला लावायचा नियम असतो, म्हणजे दोन व्हॅनमध्ये आगीच्या सुरक्षेसाठी 6 मीटर अंतर राहतं. अशा साइटवर समुद्र पाठीमागे असेल तर तुम्ही जादा पैसे भरून बाथरूमच्या खिडकीतून समुद्र पाहणार! ते पैसे द्यायचे नाहीत.

तोंड समुद्राकडे करू देत असतील तर जरूर घ्या. गाउअरच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्र दक्षिणेला. व्हॅनचं नाक दक्षिणेला केलं की ब्रिटिश व्हॅनचं दार, जे डाव्या अंगाला असतं, ते पूर्वेला येतं. ऑनिंगही तिकडेच. नैऋत्येचा वारा व्हॅनच्या नाकावर आणि उजव्या अंगावर येतो, दार आणि ऑनिंग आडोशाला राहतात. जर्मन बनावटीच्या व्हॅनचं दार बरेचदा उजवीकडे असतं. तसं असेल तर हा हिशेब उलटा होतो, भाड्याने घेतानाच विचारा.

उभी करताना क्रम चुकवू नका. आधी डावी-उजवी पातळी: खाली असलेल्या चाकाखाली रॅम्प घालून व्हॅन त्यावर चढवा, हँडब्रेक, चाकांना ओट (अडसर). मग गाडी सोडवा. मग पुढची-मागची पातळी जॉकी व्हीलने (नाकाखालच्या छोट्या चाकाने). सगळ्यात शेवटी चार कोपऱ्यांचे स्टेडी (टेकूचे पाय) खाली. स्टेडीने व्हॅन उचलायची नसते, फक्त टेकवून घट्ट करायची. उचलायला गेलात तर चासीला पीळ बसतो आणि दार नीट लागेनासं होतं. पातळी झोपेपुरती नाही, व्हॅनचा फ्रीज शोषण तत्त्वावरचा असेल तर तिरका राहिल्यावर नीट गारच होत नाही.

रेडिंगकर:
धन्यवाद दोघांनाही. साइटचं उत्तर आलं: गवताची पिच, थोडा उतार, तोंड समुद्राकडे करता येईल. ऑनिंग पूर्ण लांबीचं घ्यावं की छोटं पोर्च (फक्त दारापुढचं)?

कड्यावरचा_भिडू:
पोर्च. पूर्ण लांबीचं ऑनिंग उघड्या कड्यावर शिडासारखं वारा धरतं. सोबत दोन गोष्टी हव्यातच: स्टॉर्म स्ट्रॅपचा (ऑनिंग जमिनीला बांधायच्या पट्ट्यांचा) संच आणि लांब खुंट्या. किनाऱ्याची माती वाळूमिश्रित, ऑनिंगसोबत येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या तिच्यात धरत नाहीत. खुंटी ऑनिंगपासून बाहेरच्या बाजूला झुकवून, साधारण 45 अंशांत ठोका. स्ट्रॅप ताणा, पण स्प्रिंगमध्ये थोडा जीव ठेवा. तळाची झालर बंद करायला विसरू नका, वारा आधी तिथून शिरतो आणि मग छत उचलतो.

मेट ऑफिसच्या (ब्रिटनच्या हवामान खात्याच्या) अंदाजात वाऱ्याच्या सरासरीखाली झोताचा वेग वेगळा दिलेला असतो, तोच बघा. झोत 35 मैलांच्या वर दिसत असतील तर संध्याकाळी उजेडातच ऑनिंग उतरवा. रात्री दोन वाजता पावसात उतरवताना माणसं खांब आधी काढतात, मग कापड हातातून सुटतं आणि शेजारच्याची खिडकी फुटते. आधी खांब सैल, वाऱ्याकडची बाजू शेवटपर्यंत खुंटीला, मग कापड व्हॅनच्या रेलमधून (कडेच्या खाचेतून) ओढायचं. छतावरच्या खिडक्याही बंद.

गवतावर ऑनिंगच्या आत हवा-पाणी खेळतं राहणारीच चटई चालते, प्लॅस्टिक अंथरलं तर वॉर्डन (साइटचा व्यवस्थापक) काढायला लावतो.

अँपिअरवाली:
वीज. 10 अँपिअर गुणिले 230 व्होल्ट म्हणजे 2,300 वॉट, सगळ्या व्हॅनला मिळून. पाणी तापवायचा हीटर ट्रुमा कंपनीचा असेल तर विजेवर 850 वॉटच्या आसपास, फ्रीज दीडशे-दोनशे, बॅटरीचा चार्जर थोडा. हजार-बाराशे वॉट तिथेच गेले. राइस कुकर (500 ते 700) चालेल, मिक्सर (750) चालेल, पण एका वेळी एकच. इंडक्शन 2,000 वर लावलं तर ट्रिप होणार, म्हणजे वीज जाणार. वापरायचंच तर 800-1,000 वर ठेवा आणि तेवढा वेळ पाण्याचा हीटर बंद. घरची 3,000 वॉटची किटली नेऊ नका, एकटीच 13 अँपिअर घेते. 1,000 वॉटची प्रवासी किटली न्या. बोलार्डवरचा (साइटच्या विजेच्या खांबावरचा) ब्रेकर पडला की काही साइटवर तो वॉर्डनच वर करतो, आणि ऑफिस संध्याकाळी बंद झालेलं असतं.

केबल निळ्या प्लगची, 25 मीटर. जास्तीची केबल रिळावर गुंडाळलेली ठेवू नका. गुंडाळी तापते, आवरण वितळतं. सगळी उलगडून व्हॅनखाली सैल पसरा. आधी व्हॅनला जोडायची, मग बोलार्डला. काढताना उलट. जोडल्यावर व्हॅनच्या आरसीडीचं (शॉक टाळणाऱ्या सुरक्षा स्विचचं) टेस्ट बटण दाबून पाहा.

डाळ-भाजी गॅसवर करा, त्यासाठीच तो आहे. छोटा प्रेशर कुकर चालतो, मोठ्या बुडाचा शेजारच्या बर्नरवर चढतो. फोडणीच्या वेळी छतावरची खिडकी उघडा, नाहीतर मोहरी तडतडायच्या आत धुराचा अलार्म. जमिनीतली झडप गार वारा येतो म्हणून बोळा घालून बंद करायची नाही, गळलेला गॅस तिथूनच बाहेर जातो. कोळशाची शेगडी विझलेली वाटली तरी ऑनिंगमध्ये आणू नये, कार्बन मोनॉक्साइडने माणसं मेली आहेत. आणि हळद! व्हॅनचं सिंक प्लॅस्टिकचं असेल तर पिवळं होतं आणि डिपॉझिटमधून कापतात. तेलकट कढई आधी कागदाने पुसा, सांडपाण्याच्या टाकीत तेल नको.

आता कॅसेट. साधारण 17 ते 20 लिटरची असते. आत बाटलीवर लिहिलेलं तेवढं निळं रसायन आणि दोनेक लिटर पाणी. कागद वापरणाऱ्या चौघांना दोन दिवस पुरते. आपल्याकडे मग-तांब्या लागतो, त्यामुळे दिवसाआड नाही, रोज रिकामी करावी लागेल असं धरून चला. सोपा तोडगा: दिवसा सगळ्यांनी साइटच्या टॉयलेट ब्लॉकमध्ये जायचं, व्हॅनमधला फक्त रात्री आणि फक्त आईंसाठी. पिच निवडताना ब्लॉकपासून 40-50 मीटरच्या आत मागा. रिकामी करताना केमिकल डिस्पोजल पॉइंटवरच (कॅसेट ओतायच्या ठरलेल्या जागीच), हवेचं बटण दाबून ओता म्हणजे गचके बसून शिंतोडे उडत नाहीत.

पिण्याचं पाणी 40 लिटरच्या गोल ड्रममध्ये. भरल्यावर तो लोळवत आणायचा, उचलायचा नाही. चौघांना व्हॅनमध्ये अंघोळी केल्या तर दिवसाला दोन फेऱ्या.

भरती_ओहोटी:
वर कुणी लिहिलं नाही म्हणून. ब्रिस्टल चॅनेलमधला भरती-ओहोटीतला फरक जगातल्या सर्वांत मोठ्या फरकांपैकी आहे. थ्री क्लिफ्स बे आणि शेजारच्या पुळणी ओहोटीत एकच दिसतात, चालत जाता येतं, भरतीत सुळक्यांशी रस्ता बंद होतो. तिथे ओढा समुद्राला मिळतो, त्या मुखाशी प्रवाहही ओढ घेतो. मुलाला तिथे खेळू देऊ नका, हंगामात जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं. रोसिलीजवळच्या वर्म्स हेडला जायचं असेल तर खडकाळ वाट पूर्ण ओहोटीच्या वेळेआधी आणि नंतर अडीच-अडीच तासच उघडी असते. अडकलात तर पोहून यायचा प्रयत्न करू नका, 999 लावून कोस्टगार्ड मागा.

वेळापत्रक स्वॉन्झी किंवा मंबल्सचं बघा. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं आणि काही तक्त्यांत तो तास धरलेला नसतो. तक्त्याच्या तळाशी जीएमटी (मूळ वेळ) लिहिलंय की बीएसटी (उन्हाळी वेळ), हे पाहूनच निघा.

टोबार_मास्तर:
परतताना एक. खाऱ्या हवेत ब्रेक ड्रमला धरतात. तिथे असताना चाकांना ओट लावून हँडब्रेक सोडून ठेवता आला तर उत्तम, पण सपाट जागेवरच. तुमची पिच उताराची आहे, तेव्हा ब्रेक लावलेलाच ठेवा. निघताना चाक अडकलं तर इंजिनच्या जोराने ओढून काढू नका, आधी थोडं पुढे-मागे हलवा. व्हॅन परत देण्यापूर्वी स्टेडी, हिच आणि चासीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर हिचच्या आत मारू नका, आतल्या सरकत्या भागांचं ग्रीस निघून जातं.

रेडिंगकर:
पोर्च, लांब खुंट्या, छोटी किटली लिहून घेतली. पिच ब्लॉकपासून 30 मीटरवर मिळाली, समुद्र समोर. इंडक्शन घरीच ठेवतो.