मदत हवी आहे : लहान मुलांना ‘शेजारी’ कसा समजावता?

सर्वांना सलाम. मी मिरजेची. आमच्या चर्चच्या मंडळीत संडे स्कूलला 6 ते 9 वर्षांच्या मुलांचा वर्ग घेते. सध्या बायबलमधलं मत्तय 22:37-39 चालू आहे, येशूने सांगितलेल्या दोन मोठ्या आज्ञा. देवावर पूर्ण मनाने प्रीती आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी. वचन सगळ्यांचं तोंडपाठ झालंय, अडतंय ते अर्थापाशी.

आपल्याकडे शेजारी म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारा. मागच्या रविवारी एकाने विचारलं, “ताई, शेजारचे काका आमचा बॉल परत देत नाहीत, त्यांच्यावर पण?” मी लूकच्या 10व्या अध्यायातली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली, वाटेत जखमी पडलेल्या माणसाला आपले लोक टाळून गेले, पण वैरी मानलेल्या शोमरोनी माणसाने मदत केली ती. पण यहुदी नि शोमरोनी यांचं वैर मुलांच्या डोक्यात शिरेना. मग 2019 च्या महापुराचं सांगितलं. कृष्णेचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा ओळख ना पाळख अशा माणसांनी भाकऱ्या पोचवल्या. हे लगेच कळलं! वर्ग सुटल्यावर एका मुलीने भडंगाची पुडी फोडली आणि नेहमी एकट्या बसणाऱ्या मुलाच्या हातावर मूठभर ठेवलं. मला भरूनच आलं.

खरी अडचण पहिल्या आज्ञेची आहे. न दिसणाऱ्या देवावर प्रेम करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? गाणी, प्रार्थना होतात, पण मुलं ती पाठ केल्यासारखी म्हणतात. या वयाला कोणी एखादा खेळ किंवा कृती करून घेतली आहे का? वेळ अर्धा तास, मुलं 14, साहित्य खडू-कागद एवढंच. येत्या रविवारच्या आत कळवलंत तर फार बरं होईल.